धूळपाटीपासून मोबाइलपर्यंत : शाळेचं घराशी बोलणं



आजचा विषय तसा रोजच्या वापरातला आहे. शाळेत तंत्रज्ञान आलं, त्यामुळे शिकवणं बदललं, आणि शाळा आता पालकांशी मोबाइलवरून बोलते. हे आपण सगळे बघतो. पण 'आता' हा शब्द जरा बाजूला ठेवू. तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडदा येतो, वीज येते, इंटरनेट येतं. वस्तुतः शिक्षक आणि मूल यांच्या मध्ये ठेवलेली कोणतीही वस्तू, जिच्यामुळे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचतं, ती शाळेचं तंत्रज्ञानच होय. मग पाटी आली, छापील पुस्तक आलं, हजेरीपट आला, प्रगतिपुस्तक आलं. या अर्थानं पाहिलं तर आपला इतिहास दोनशे वर्षांहून अधिक मागे जातो.

या इतिहासाकडे बघताना आपण दोन रस्ते लक्षात ठेवायचे. पहिला, शाळेकडून मुलाकडे जाणारा. त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. दुसरा, शाळा आणि घर यांच्यामधला, आणि त्याच्याबद्दल आपल्याला विचारायचं आहे की हा रस्ता एकेरी होता की दुहेरी? शाळेचं घरापर्यंत पोचलं, हे ठीक. घराचं शाळेपर्यंत पोचलं का? तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर सूचना आणि संवाद यांतला हा फरक आहे. सूचनेला फक्त ऐकणारा लागतो, संवादाला उत्तर देणारा लागतो, आणि त्या उत्तरानं पहिल्याचं वागणं बदलण्याची शक्यता असावी लागते.

आता सुरुवात करू पंतोजींच्या शाळेपासून. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवायचा, फळी कोरी. हीच धूळपाटी. खर्च जवळपास शून्य, आणि हव्या तितक्या वेळा चुकायची मुभा. एक मूल मोठ्यानं पाढा म्हणायचं आणि बाकीची त्यामागे. पुढे गेलेला मुलगा मागच्यांना शिकवायचा. मद्रासला असताना अँड्र्यू बेल या पाद्र्यानं स्थानिक शाळेत मुलं वाळूत लिहिताना पाहिली. १७८९ पासून एग्मोर इथल्या अनाथाश्रमाची शाळा तो बघत होता. तिथे त्यानं वाळूतलं लिहिणं आणि मुलानं मुलाला शिकवणं या दोन्ही गोष्टी वापरल्या, आणि १७९७ मध्ये इंग्लंडात त्यावर पुस्तिका छापली. तिथे तिचं नावच 'मद्रास पद्धत' पडलं. गंमत बघा, पुढे मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांमध्ये मुलांकरवी मुलांना शिकवण्याची ही रीत विलायतेची म्हणून परत आली. शाळेच्या तंत्रज्ञानाचा प्रवास नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच होतो, असं समजायचं कारण नाही.

पंतोजींच्या शाळेत घराशी बोलायचं तंत्र कोणतं होतं? वेगळं असं काहीच नव्हतं, कारण अंतरच नव्हतं. शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या तरी पडवीत. पाढे रस्त्यावर ऐकू जात. पंतोजींचं पोट गावच्या धान्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या पोस्तावर. मुलगा शिकत नसेल तर बाप सरळ विचारणार. आता यावर उसासे टाकायचं मात्र कारण नाही. त्या ओवरीत पोचणारी घरं मोजकी होती. मुली नव्हत्या, गावाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांतली मुलं नव्हती. जवळीक होती, पण ती आत असलेल्यांचीच. हा मुद्दा धरून ठेवा, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर तो परत भेटणार आहे.

दुसरा टप्पा छापील पुस्तकाचा. १८२२ मध्ये मुंबईत नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी स्थापन झाली. शिळाछापावर मराठी पुस्तकं निघू लागली, पुढे खिळ्यांची छपाई स्थिरावली. पुस्तकामुळे काय साधलं? एकच धडा रत्नागिरीत आणि धुळ्यात शिकवता येऊ लागला. शिक्षक बदलला तरी धडा बदलत नव्हता. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याचबरोबर शाळेची भाषा आणि घराची भाषा यांत फट पडली. घरचा हिशेब, खत, पावती मोडीत, तर शाळेचं पुस्तक बालबोधीत आणि प्रमाण भाषेत. मूल जे वाचतं ते बापाला परकं वाटू लागलं. शाळेत काय चाललंय हे कळायला आता कान देऊन भागत नव्हतं.

ही फट महात्मा फुल्यांनी नेमकी ओळखली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन आपण पुष्कळदा सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखीही गोष्टी आहेत. प्राथमिक शाळेत बालबोधीबरोबर मोडीही शिकवा, हिशेब शिकवा, शेतीची आणि आरोग्याची ओळख करून द्या, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून घ्या. या मागण्या एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यांचा अर्थ काय होतो? मूल शाळेतून जे घेऊन येईल ते घरच्यांना ओळखीचं वाटलं पाहिजे, आणि शाळेतल्या माणसाला त्या घराची बोली कळली पाहिजे. १८५५ मध्ये फुले दांपत्यानं शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुलांच्या आधी, किंवा मुलांच्या बरोबरीनं, आईबापांनाच पाटी द्यायची. शाळा आणि घर यांच्यातली फट बुजवायचा हा सर्वांत सरळ उपाय. यंत्र त्यात कुठेच नव्हतं.

तिसरा टप्पा कागदाचा. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. सक्ती करायची म्हणजे याद्या लागतात. कोणाच्या घरी शाळेच्या वयाचं मूल आहे, ते पटावर आहे का, हजर आहे का, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. जी घरं शाळेनं कधी मोजलीच नव्हती, ती त्या यादीत पहिल्यांदा आली. यादीत नाव येणं हेसुद्धा एक प्रकारचं नागरिकत्व आहे, हे आज आपल्या लक्षात येत नाही.

याच कागदी परंपरेतून पुढे आपलं प्रगतिपुस्तक आलं. त्याची रचना आठवून पाहा. गुण, हजेरी, वर्गशिक्षकांचा शेरा, आणि तळाला 'पालकांची सही'. शेऱ्याला चार ओळी, आणि पालकाला फक्त सहीपुरती जागा. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा दिला. घरानं काय म्हणायचं? 'वाचलं', एवढंच. आणि पुष्कळ घरांत तेही मुलालाच वाचून दाखवावं लागे. शाळेचा निरोप नेणारं आणि त्याचा अर्थ सांगणारं, दोन्ही तेच मूल, ज्याच्याविषयी तो निरोप आहे. आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांनी या सोयीचा यथेच्छ फायदा घेतला, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

आता येऊ विजेवर आणि लहरींवर चालणाऱ्या साधनांकडे. इथे आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे, ज्याची आठवण फार कमी जण काढतात. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग केला. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात ऐकणाऱ्यांचा एक गट, म्हणजे रेडिओ ग्रामसभा. आठवड्यातून दोन असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम ऐकायचा, संपल्यावर रेडिओ बंद करायचा आणि त्यावर चर्चा करायची. मग गटानं आपले प्रश्न आणि मतं केंद्राकडे कळवायची, आणि त्यांची उत्तरं पुढल्या प्रसारणात यायची. हा शाळेचा कार्यक्रम नव्हता, मोठ्यांचा होता. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं तो मोलाचा आहे. रेडिओसारखं निव्वळ एकेरी यंत्र, त्याला तोंड नाही, फक्त आवाज आहे. त्या यंत्राभोवती माणसांची अशी मांडणी केली की ते दुहेरी झालं. त्यात पोस्टाचा वाटा होता, गटाचा निमंत्रक होता, आणि प्रश्न वाचून उत्तर द्यायला केंद्रात बसलेला माणूस होता.

याच्या वीस वर्षांनंतरचा प्रयोग याहून कितीतरी मोठा. विक्रम साराभाईंनी त्याची कल्पना मांडली होती, १९६९ मध्ये नासाशी करार झाला, पण तो प्रत्यक्षात आलेला पाहायला साराभाई राहिले नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारतासाठी मिळाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली ती मुद्दाम मागास भागातली. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक. गावात एकच दूरचित्रवाणी संच, शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत, आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री. हा 'साइट' प्रकल्प. त्यात महाराष्ट्रातली गावं नव्हती, पण त्याची धुरा वाहणाऱ्यांत एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते, आणि मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याचं बरंचसं काम मुंबईत झालं.

सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा. सुट्टीच्या काळात जवळपास ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण याच साधनानं दिलं. या प्रयोगाचं मूल्यमापनही काळजीपूर्वक झालं, आणि त्यातून निघालेलं उत्तर आजही ऐकण्यासारखं आहे. मुलांच्या भाषेत फरक पडला, माहिती शोधायची ओढ वाढली. पण शाळेतली हजेरी किंवा गळती यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मूल शाळेत का येत नाही, याचं कारण शाळेत नसून घरात आणि शेतात होतं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, गुरं राखायची होती, सुगीत हात कमी पडत होते. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरून बोलू शकत होता, पण त्या घराला काही विचारायची सोय त्याच्याकडे नव्हती.

ज्यांनी हा प्रयोग केला, त्यांनाही हे दिसत होतं. म्हणून त्याच काळात गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात पीज इथल्या छोट्या प्रक्षेपण केंद्रावरून निराळी वाट शोधली गेली. कार्यक्रम त्याच भागातले, त्याच बोलीत, गावकऱ्यांना सामील करून घेतलेले. १९८४ मध्ये या खेडा प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआत दीडशे गावांमध्ये संच ठेवले, आणि काही केंद्रांवरून गावकऱ्यांना उलट प्रश्न विचारता येतील अशी सोय केली. म्हणजे पुण्याच्या रेडिओ ग्रामसभेत जे पत्रानं व्हायचं, ते आता उपग्रहावरून होऊ लागलं.

संगणकाच्या पहिल्या पर्वावर आपण फार थांबणार नाही. १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्याच साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. १९८७ पासून 'खडू-फळा मोहीम' आली, आणि या नावातच त्या काळचं वास्तव आहे. एका टोकाला संगणक, दुसऱ्या टोकाला फळासुद्धा नसलेल्या शाळा. २००४ च्या सप्टेंबरात एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह गेला. या सगळ्यांत पुष्कळ चांगलं काम झालं. पण यांतल्या जवळपास प्रत्येक योजनेत घर हे गृहीत धरलेलं होतं, विचारात घेतलेलं नव्हतं.

घर पुन्हा चित्रात आलं ते मोबाइलमुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. मुलानं घरी फोन धरला की धड्याचा आवाज, चित्रफीत समोर. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरांच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही आपण विसरू नये. या कल्पनेचं बळ तिच्या साधेपणात आहे. पुस्तक तेच, किंमत तीच, वर एक चौकोन. पण तो चौकोन उघडायला घरात फोन लागतो, फोनला रिचार्ज लागतो, आणि मूल घरी असताना तो फोनही घरी असावा लागतो.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि या तीन अटींची परीक्षा एका आठवड्यात झाली. आकडे ऐका. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतात संगणक असलेली कुटुंबं ४.४ टक्के होती, इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. शहरांत हेच आकडे २३.४ आणि ४२. पुढे 'असर'नं २०२० च्या सप्टेंबरात फोनवरून ग्रामीण पाहणी केली. तीत शाळेत नाव असलेल्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण ६१.८ टक्के निघालं. दोन वर्षांपूर्वी ते ३६.५ होतं. केवढी ही झेप! पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही शिकण्याचं साहित्य मिळालं, अशी मुलं होती फक्त एक-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे घरात फोन असणं ही एक गोष्ट, आणि त्या फोनवर शाळा असणं ही दुसरी.

त्याच पाहणीतला आणखी एक निष्कर्ष आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जवळपास तीन-चतुर्थांश मुलांना घरातलं कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत होतं. जिथे आईवडील फार शिकलेले नाहीत, अशा घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळत होती. मोठी बहीण, काका, शेजारचा कॉलेजातला मुलगा. 'आमचे पालक अडाणी आहेत, त्यांना काय सांगणार', हे वाक्य शाळांत आपण किती वर्षं ऐकत आलो! हे आकडे त्या वाक्याला उत्तर देतात.

त्या वर्षात ज्यांनी घराकडे नीट पाहिलं, त्यांना यंत्राची निवडही वेगळी सुचली. केरळनं १ जूनलाच दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू केले, कारण टीव्ही फोनपेक्षा जास्त घरांत होता. आपल्याकडे जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंतून, घरच्यांच्या सोबतीनं शिकण्यावर तिचा भर होता. झारखंडात दुमका जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं गावात कर्णे लावून वर्ग घेतले. सोलापूरच्या नीलमनगरात वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. भिंत! म्हणजे आपण पुन्हा ओवरीपाशी आलो, जिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण शाळा बघू शकतो. भिंतीला रिचार्ज लागत नाही.

आता आजच्या परिस्थितीकडे. शाळा उघडल्या, पण व्हॉट्सअ‍ॅपचा गट राहिला. आज बहुतेक शाळांचं घराशी बोलणं तिथेच होतं. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पावसामुळे सुट्टी हे सकाळी सहाला कळतं. पण त्या गटाची घडण बारकाईनं पाहू. पुष्कळ ठिकाणी फक्त शिक्षकालाच लिहिता येईल अशी मांडणी असते. कारणही समजण्यासारखं आहे, नाहीतर रोज दोनशे सुप्रभात. पण परिणाम काय होतो? पालकाला उरतो एक अंगठा. पूर्वी शाईचा होता, आता पिवळा आहे. 'वाचलं', एवढंच.

आणि कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे कायद्याच्या लेखी पालक हा शाळेच्या कारभारात बोलणारा माणूस आहे. फोनच्या लेखी तो निरोप घेणारा आहे. ही विसंगती तंत्रज्ञानानं निर्माण केलेली नाही, ती प्रगतिपुस्तकापासून चालत आली आहे. पण तंत्रज्ञानानं ती पक्की होऊ शकते, कारण निरोप पाठवणं इतकं सोपं झालं की भेटणं अनावश्यक वाटू लागलं.

यात बिघडतं कुणाचं? ज्या घरात आठला फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परततो, त्या घरातल्या मुलाचं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं, ज्यांचा नंबर हंगामागणिक बदलतो. जिला मराठी बोलता येतं पण टाइप करता येत नाही, त्या आईचं. गटात ती आहे, पण तिचं मौन म्हणजे संमती असं शाळा धरून चालते. पंतोजींच्या काळी काही घरं ओवरीबाहेर होती. आजची घरं गटाच्या आत असूनही बाहेर असू शकतात, आणि ती यादीत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

मग करायचं काय? इतिहासातून हाती लागतं ते फार खर्चिक नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला बोलता येतं, तर आवाजी निरोप मागवा आणि त्याला आवाजातच उत्तर द्या. महत्त्वाची सूचना फोनबरोबर शाळेच्या फळ्यावर आणि वस्तीतल्या एका ठरलेल्या भिंतीवरही असू द्या. मुलाचे गुण आणि तक्रारी गटात टाकू नका, त्या त्याच्याच घरी सांगा. आठवड्यातली एक वेळ अशी ठेवा की पालकांचा फोन शिक्षक उचलणारच. ती वेळ शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरा, नाहीतर सगळा भार त्याच्या झोपेवर पडेल. आणि महिन्याच्या पालकसभेत पहिला प्रश्न शाळेनं विचारावा आणि मग गप्प बसावं. पुण्याच्या रेडिओ ग्रामसभेतली शिस्त हीच होती. कार्यक्रम संपला की यंत्र बंद करायचं आणि माणसांनी बोलायचं.

मंडळी, प्रत्येक नव्या साधनाबरोबर आपल्याला सांगितलं जातं की आता शाळा घराघरांत पोचणार. दोनशे वर्षांत ती बऱ्याच अंशी पोचलीही आहे, आणि हे काम ज्यांनी केलं त्यांच्याविषयी आपण कृतज्ञच आहोत. पण घर शाळेत पोचलं का, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. गेल्या वर्षभरात एखाद्या पालकानं काही सांगितलं आणि त्यामुळे शाळेनं आपलं काही बदललं, असं एक तरी उदाहरण आपल्या ओळखीच्या शाळेत सापडतं का? सापडलं, तर त्या शाळेकडे संवादाचं तंत्र आहे, मग तिच्याकडे पडदा असो वा नसो. सापडलं नाही, तर तिथे अजून फक्त सूचनाच चालू आहे.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू. वेळ आहे, आणि यंत्र दोन्हीकडून चालू आहे.